पाकीट घेणं थांबतं तेव्हा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तू दुकानात आलास, मोबाइलवर टिपून आणलेली दोन औषधांची नावं दाखवलीस आणि हळूच म्हणालास, "काका, मित्राला हवीयेत." मागे कोचिंग सुटलेल्या पोरांची रांग, शेजारी ग्राइप वॉटर मागणाऱ्या एक बाई. अशा वेळी "डॉक्टरची चिठ्ठी आण" यापलीकडे मला काही बोलता आलं नाही. तू मान खाली घालून निघून गेलास. मेडिकलच्या काउंटरवर आम्ही सगळं विकतो, बोलत मात्र काहीच नाही, म्हणून लैंगिक आजारांबद्दलचं हे पत्र. मित्र खरंच असेल तर त्याला वाचायला दे. नसेल तर तूच वाच, मला कळवायची गरज नाही. ज्याच्याशी संबंध आला ती व्यक्ती मुलगी आहे की मुलगा हेही मला माहीत नाही, आणि विचारणारही नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा प्रश्न निकालात काढला. जंतूंना तर तो कधी पडलाच नव्हता. दोघंही अठराच्या पुढचे आणि दोघांची मर्जी, एवढं धरून चालतो.

आधी त्या दोन गोळ्या. ॲझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्सिम चारशे मिलिग्रॅम ही जोडी नेटवर सापडली यात नवल नाही. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांच्या औषधांची रंगीत किट असतात, लक्षणाप्रमाणे एकेक रंग. त्यातलं करड्या रंगाचं पहिलं किट म्हणजे नेमक्या याच दोन गोळ्या. लघवीच्या वाटेतून पिवळसर स्राव येतोय, लघवीला आग होतेय, तर ते देतात. कारण परमा (गोनोरिया) आणि क्लॅमिडिया हे दोन संसर्ग बरेचदा एकदमच येतात आणि नुसतं बघून कुठला कोण ते सांगता येत नाही. पण त्याच कपाटात पांढरं किट आहे, ते जखमेसाठी, आणि त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं. लाल किट हर्पिसच्या पाणीदार फोडांसाठी. पिवळं बायकांच्या ओटीपोटातल्या दुखण्यासाठी. रंग चुकला की औषध चुकलं. आणि अर्धवट लागू पडणारं औषध सगळ्यात वाईट: लक्षण दबतं, जंतू आत राहतो, आणि डॉक्टरांना दाखवायला काही उरत नाही.

सेफिक्सिमच्या पाकिटावर लाल चौकट छापलेली असते, पाहिली असशील. ते शेड्यूल एच-वनमधलं औषध. १ मार्च २०१४ पासून अशी औषधं देताना आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती दिलं ते लिहावं लागतं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. सगळेच पाळतात असं म्हणणार नाही. दोन दुकानं पुढे गेलास तर तुला मिळालंही असेल. पण नियम उगाच आलेला नाही. परम्याचा जंतू भलता बनेल. एके काळी पेनिसिलिनने जायचा, ते त्याने पचवलं. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, तेही पचवलं. अमेरिकेत २०१२ पासून त्याच्यासाठी सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शनच पहिलं धरतात, गोळी नाइलाज असेल तेव्हा. आपण अंदाजाने गोळ्या खाऊन त्याला आणखी तरबेज कशाला करायचं?

तेव्हा स्राव किंवा आग असेल तर उद्या सकाळीच एम. वाय. या इथल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये त्वचा आणि गुप्तरोगाच्या ओपीडीत जायचं, नाहीतर कुठल्याही चांगल्या स्किनच्या डॉक्टरकडे. लघवीची पीसीआर तपासणी सांगितली तर आधी तास-दोन तास लघवीला जायचं नाही आणि बाटलीत पहिली धार धरायची. मूत्रमार्गाच्या साध्या इन्फेक्शनला मधली धार लागते, म्हणून लॅबवाला पोरगा सवयीने "बीच का लेना" सांगून मोकळा होतो. इथं पहिलीच हवी. आणि नमुना गोळी घेण्याआधी द्यायचा, नंतर नाही. तोंडाने किंवा गुदमार्गाने संबंध आला असेल तर तेही डॉक्टरला स्पष्ट सांगायचं. घशात किंवा गुदमार्गात बसलेला जंतू लघवीत सापडत नाही, तिथला नमुना वेगळा घ्यावा लागतो. लाज वाटेल. पण तो डॉक्टर दुपारपर्यंत हेच पंधरा जणांकडून ऐकतो, त्याला तुझ्यात काही विशेष वाटायचं नाही.

आता जे खरं सांगायचंय ते.

इथं इंदूरला भंवरकुआंच्या बाजूला मेडिकल टाकलं की तरुण पोरांची वर्षं गिऱ्हाइकीवरून वाचता येतात. पोरगा पहिल्यांदा कंडोम घ्यायला येतो तेव्हा आधी क्रोसिन मागतो, मग खोकल्याच्या गोळ्या, मग इकडेतिकडे बघून "और वो... एक पैकेट". (माझ्याआधी काउंटरवर बसणाऱ्या अण्णांच्या काळीही हेच. निरोध १९६८ साली आला, पंधरा पैशांत तीन, आणि अण्णा तो नई दुनिया पेपरच्या कागदात गुंडाळून द्यायचे. आता पाकिटं चॉकलेटच्या शेजारी टांगलेली असतात, खोकला मात्र तोच आहे.) मग महिना-दोन महिने तो नेमाने येतो, क्रोसिन न घेता येतो. आणि मग एक दिवस यायचा थांबतो. मला वाटतं, संपलं असेल काहीतरी. तर पुढच्या महिन्यात तोच पोरगा सकाळी शटर उघडायच्या आधी दारात उभा: "काका, बहात्तर घंटेवाली गोली." दोन महिन्यांनी पुन्हा.

म्हणजे संपलेलं नसतं. उलट पक्कं झालेलं असतं. "आता आपलं नक्की आहे, आता कशाला?" असं म्हणून पाकीट बंद झालेलं असतं. गर्भाची धास्ती राहते, आजाराची जाते. आणि माझ्या बघण्यात बहुतेकांना जे काही लागतं ते अनोळखी माणसाकडून, कुठल्या बदनाम गल्लीतून लागत नाही. ते या "आता कशाला" नंतर लागतं. ती गोळी तर फक्त गर्भ राहू नये म्हणून, तीही नडीला. जंतूंशी तिचा काडीचा संबंध नाही. पण ती घेतली की दोघांनाही वाटतं, निभावलं.

विश्वास ठेवू नका असं मी म्हणत नाही. पण विश्वास पुढच्या दिवसांबद्दल असतो आणि आजार मागच्या दिवसांतून येतो. जोडीदार तुझ्याशी शंभर टक्के खरा असेल, आणि तरीही त्याच्या किंवा तिच्या अंगात आधीच्या एखाद्या नात्यातला क्लॅमिडिया असेल, त्याला स्वतःलाही ठाऊक नसलेला. बहुतेक बायकांना क्लॅमिडियाचं काहीच जाणवत नाही, पुष्कळ पुरुषांनाही नाही. आतल्या आत तो बायकांच्या गर्भनलिकांपर्यंत पोचतो आणि पाच-सात वर्षांनी मूल का राहत नाही म्हणून खेटे सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बऱ्या होणाऱ्या लैंगिक संसर्गांची जगात रोज दहा लाखांहून जास्त नवी लागण होते, आणि त्यातल्या बहुतेकांना लक्षणच नसतं. चेहरा, घराणं, रोजची अंघोळ, देवपूजा यातून काही कळत नाही. तुझ्याही चेहऱ्यावरून कळत नाही, हे लक्षात घे. प्रत्येक जण समोरच्याचाच विचार करतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पाकीट बंद करायला हरकत नाही, पण ते तपासणीनंतर बंद करायचं, प्रेम पक्कं झालं म्हणून नाही. दोघांनी आता तपासायचं. तीन महिने कंडोम चालू ठेवायचा, मधे दुसरीकडे कुठे काही नाही, आणि पुन्हा तपासायचं. तीन महिने यासाठी की एचआयव्ही आणि गरमी (सिफिलिस) लागल्या-लागल्या रक्तात दिसत नाहीत. नव्या चौथ्या पिढीच्या टेस्टमध्ये एचआयव्ही साधारण पंचेचाळीस दिवसांत कळतो, बोट टोचून करायच्या झटपट टेस्टला नव्वद दिवस धरावेत. लोक काय करतात, रविवारी घाबरतात, सोमवारी टेस्ट करतात, मंगळवारी निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून हिंडतात. तो रिपोर्ट रविवारचा नसतोच, तीन महिन्यांपूर्वीचा असतो.

हे जोडीदाराला सांगायचं कसं, यावर पोरं अडतात. "तू टेस्ट कर" म्हणालास की भांडण ठरलेलं. त्यापेक्षा आधी आपली करून यायची आणि रिपोर्ट हातात घेऊन बोलायचं: "मी माझी करून आलो, हे बघ. तू पण करशील? तीन महिन्यांनी पुन्हा दोघं मिळून जाऊ." संशयाचा वासच येत नाही त्याला. आणि वेळ निवडावी. अंगावरचे कपडे निघाल्यावर या गोष्टी निघत नाहीत. छप्पन दुकानला कॉफी पिताना बोलावं, किंवा पायी फिरताना, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. समोरून "मग कंडोमशिवायच, नाहीतर राहू दे" असं आलं तर राहू द्यावं, बिनदिक्कत. आणि दुसऱ्या बाजूनेही ऐक: कंडोम ठरलेला असताना मधेच गुपचूप काढून टाकणं ही मस्करी नाही. समोरच्याने ज्याला हो म्हटलं होतं ते ते नव्हतंच.

तपासणीत काय काय, तर एचआयव्ही, गरमीसाठी व्हीडीआरएल किंवा टीपीएचए, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि परमा-क्लॅमिडियासाठी लघवीची पीसीआर. "फुल बॉडी चेकअप"च्या जाहिरातींना भुलू नकोस, त्यात साखर, थायरॉइड, व्हिटॅमिन सगळं असतं, हे बहुधा नसतंच. वेगळं मागून करावं लागतं. एचआयव्हीची टेस्ट सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होते. तिथे समुपदेशक आधी बोलतो, नंतर बोलतो, आणि तुझ्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिपोर्टही कुणाला सांगता येत नाही. हा २०१७ चा कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू. तोंडावर विचारायचा धीर होत नसेल तर १०९७ ला फोन लाव, टोल-फ्री आहे, नाव सांगावं लागत नाही. एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही: टेस्ट फुकटात आणि गुपचूप होईल म्हणून रक्तदान शिबिरात जाऊन बसायचं नाही. शंका असलेलं रक्त त्या तीन महिन्यांच्या फटीतून निसटलं तर दुसऱ्याच कुणाच्या अंगात जातं.

एचआयव्ही निघालाच तर? तर त्याच एम. वाय.मध्ये एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र आहे. २०१७ पासून धोरण असं की निदान झालं की औषध लगेच चालू, रक्तात सीडी-फोर पेशी किती हे बघत थांबायचं नाही. बहुतेकांना दिवसाला एक गोळी, फुकट. ती नेमाने घेतली आणि विषाणू रक्तात सापडेनासा झाला, तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, मोठमोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं आहे. माणसं लग्नं करतात, मुलं होतात, म्हातारी होतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातली जी भीती आमच्या पिढीच्या हाडात बसली, ती तुमच्यापर्यंत औषधाशिवायच पोचली याचं वाईट वाटतं.

कंडोम वापरायचा कसा हे कुणी शिकवत नाही आणि सगळ्यांना येतं असं सगळे धरून चालतात. तारीख बघायची. पाकीट दोन बोटांत दाबून बघायचं, आत हवेची उशी लागली पाहिजे. चपटं, चिकट लागलं तर टाकून द्यायचं. दातांनी फाडायचं नाही. टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि लिंग ताठ झाल्यावर, कुठलाही स्पर्श होण्याआधी, मुळापर्यंत उलगडत न्यायचा. उलगडत नसेल तर उलटा धरला आहे. तोच सुलटा करून लावायचा नाही, नवा घ्यायचा. वीर्य आल्यावर ताठरपणा असतानाच बुडाशी धरून बाहेर यायचं. दोन एकदम चढवले की दुप्पट सुरक्षा असं एक शहाणपण हॉस्टेलांतून फिरतं. दोन रबरं एकमेकांवर घासून फाटतात, बाकी काही होत नाही. आणि आपल्या घरचं खोबरेल तेल! प्रत्येक मर्जावर ते चालतं ही आपली श्रद्धा, पण लॅटेक्सला ते खातं. तेल, व्हॅसलीन, कोल्ड क्रीम, काहीही स्निग्ध लागलं की काही मिनिटांत रबर कमजोर होतं. ओलावा हवा असेल तर पाण्यावर किंवा सिलिकोनवर बनवलेली जेल मिळते, ती घे. गुदमार्गाने संबंध असेल तर ती हवीच. तिथली त्वचा नाजूक, स्वतःचा ओलावा नाही, एचआयव्हीचा धोका तिथे सगळ्यात जास्त.

कंडोम सगळ्यापासून वाचवतो असंही समजू नकोस. एचआयव्ही, परमा, क्लॅमिडिया यांना तो चांगला अडवतो. गरमी, हर्पिस, एचपीव्ही हे कातडीला कातडी लागून जातात, आणि कंडोम जेवढं झाकतो तेवढंच वाचवतो. जांघेत किंवा वृषणावर जखम असेल तर तिथे तो पोचतच नाही. तोंडानेही परमा आणि गरमी दोन्ही लागतात, बऱ्याच जणांना हे ऐकूनच धक्का बसतो.

गरमीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तिने जितकी माणसं फसवली तितकी कुणीच नाही. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक फोड येतो, कडांना टणक, आणि दुखत नाही. गुदमार्गात किंवा योनीच्या आत असला तर दिसतही नाही. घाबरलेला माणूस जातो कुठे? आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, भिंती चकाचक रंगवल्या; पण रेल्वेने उज्जैनकडे निघालास की रुळांकडेच्या भिंतींवर अजून "गुप्तरोगी मिलें"ची अक्षरं दिसतील. तिथे पुड्या मिळतात, पथ्य मिळतं, हजारांत बिल होतं. आणि महिनाभरात फोड जातो! तो औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत जातोच, त्या आजाराची रीतच तशी आहे. पण यश पुडीला मिळतं, आणि तो बरा झालेला माणूस आणखी चार जणांना तिथेच पाठवतो. मग काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर डाग येतात, त्यांना खाज नसते, तेही जातात. मग वर्षानुवर्षं शांतता. रक्तात मात्र जंतू असतो, आणि पुढे मेंदू, हृदय, डोळे कुठेही निघतो. अशा घरात बायकोला दिवस जातात, तिच्या तपासण्यांत व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येतं, आणि मग सासरचे तिच्याकडे बोट दाखवतात. हे मी पाहिलेलं आहे. ती मुलगी काउंटरपाशी उभी होती आणि नवरा बाहेर गाडीवर बसून होता, आत यायला तयार नव्हता.

चीड येते ती यासाठी की उपाय साधा आहे. १९४३ साली गरमीवर पेनिसिलिन पहिल्यांदा चाललं, ते आजही चालतं. परम्याने पचवलं तसं या जंतूने पचवलेलं नाही. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एकच इंजेक्शन, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं. दुखतं चांगलंच, दोन दिवस बसताना जाणवतं. पण काम होतं.

दुसऱ्या टोकालाही पोरं चुकतात. जांघेत लाल, गोल कडा असलेलं खाजरं चट्टं म्हणजे बहुतेक वेळा नायटा. घट्ट जीन्स, घाम, आणि रूमवर चौघांत एक टॉवेल. त्याच्यावर दुकानातून "कोई क्रीम दे दो" म्हणून स्टेरॉइड मिसळलेलं मलम नेतात, दोन दिवस आराम पडतो, मग तो मांडीभर पसरतो. स्वप्नात वीर्य जाणं हा आजार नाही, लघवीतून धातू जाते म्हणून खंगायला होतं हाही भ्रम. टॉयलेटच्या सीटवरून, डासांमुळे, एका ताटात जेवून एचआयव्ही लागत नाही. हे तुला माहीत असेल, मित्राला असेलच असं नाही.

अपघात झाला, म्हणजे कंडोम फाटला आणि समोरच्याला एचआयव्ही आहे किंवा काही माहीतच नाही, तर घड्याळ बघायचं. पीईपी नावाचा औषधांचा कोर्स असतो, अठ्ठावीस दिवसांचा, पण तो बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, आणि जितका आधी तितका बरा. रात्री अकराला झालं तर रात्री अकराला एम. वाय.च्या कॅज्युअल्टीत जायचं. द्यायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपण पोचायला उशीर करायचा नाही. सकाळपर्यंत रडत बसण्यात आणि नेट वाचण्यात पोरं त्यातले दहा तास घालवतात. कुणी जबरदस्ती केली असेल तरी हेच, आणि अंघोळ करण्याआधी. त्यात त्याचा किंवा तिचा कणभरही दोष नसतो.

आणि आजार निघालाच तर जोडीदारालाही सांगावं लागेल. औषध एकट्याने घेतलं तर महिन्याभरात तोच जंतू परत तुझ्याकडे येतो आणि तुला वाटतं गोळी लागू पडली नाही. एकमात्रेचं औषध असेल तर नंतर सात दिवस संबंध बंद, दोघांचेही. तोंडावर सांगवत नसेल तर लिहून पाठव: "माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली, औषधाने बरं होतं, तूही दाखवून घे." कुणी कुणाला दिलं याचा शोध लावत बसू नये. लक्षणंच नसतात तेव्हा तो शोध लागत नाही आणि नात्यांचा चुथडा होतो.

राहिल्या लसी. हिपॅटायटिस बीची लस देशभरातल्या सगळ्या बाळांना २०११ पासून मिळते, तू त्याआधीचा. आईकडे जुनं टीकाकरणाचं कार्ड असेल तर बघ, नसेल तर तीन डोस घेऊन टाक: आज, महिन्याने, सहाव्या महिन्यात. दुसरी एचपीव्हीची. ती फक्त मुलींची म्हणून गाजली, कारण गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आपल्याकडच्या बायकांत दुसऱ्या क्रमांकावर आहे. पण मुलांनाही त्या विषाणूने मस्से होतात, घशाचे आणि गुदमार्गाचे कॅन्सर होतात, आणि मुलींना तो येतो कुठून? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने काढलेली आपली लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली, नऊ ते सव्वीस वयाच्या मुलामुलींना दोघांनाही चालते. पंधराच्या पुढे तीन डोस: पहिला, दोन महिन्यांनी दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. डॉक्टरकडून लिहून आण, फ्रिजमधून काढून बर्फाच्या डब्यात घालून देईन, रस्त्यात कुठे थांबू नकोस. पहिल्या डोसच्या दिवशीच पुढच्या दोन्ही तारखा मोबाइलमध्ये घालून ठेव. प्रिलिम्सच्या गडबडीत तिसरा डोस हमखास राहतो.

तुझा,
मेडिकलवाले काका

ता. क. कंडोमचं पाकीट गाडीच्या डिक्कीत किंवा मागच्या खिशातल्या पैशाच्या पाकिटात ठेवत असशील तर ते फेकून दे, तारीख शिल्लक असली तरी. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात उभ्या ॲक्टिव्हाची डिक्की तापते ती तू हात लावून बघितली असशील. रूमवर, कपाटात, ट्यूबलाइटच्या जवळ नको.